चार बाया ब्रिटनीच्या, पाचवी देवळीची

माझ्या हातून आजवर निघालेल्या पत्रकांत सगळ्यात गाजलं ते कपड्यांवरचं. मथळा होता, ‘आम्ही काय उघडे फिरत होतो?’ तो मथळा मला फार आवडला होता. देवळीच्या चौकात, बसस्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत आम्ही ते वाटलं. लोक मथळा वाचून आधी हसायचे आणि मग खालचं वाचायचे. पत्रकाला आणखी काय पाहिजे? मागणी आठ दिवसांत मान्य झाली. एवढ्या लवकर मान्य झालेली माझी ती पहिलीच मागणी. ती मान्य झाली म्हणून माझी आई अडकली. तिला अडकवलं मी. हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत झाकून ठेवायचं आणि मग उघडायचं, असलं लिहिणं मला जमत नाही.

सुरुवात एका चित्रापासून करावी लागेल. आमच्या शाळेत ड्रॉइंगचा वर्ग जिन्याखालच्या खोलीत भरायचा. त्या खोलीत काचेच्या चौकटीत एक जुनं जलरंगाचं चित्र टांगलेलं होतं. चार बाया ओळीने उभ्या. अंगात काळे मखमली कपडे, छातीवर पिवळ्या-केशरी दोऱ्याचं दाट भरतकाम, कमरेला पुढून बांधलेलं रेशमी फडकं, पायात लाकडी जोडे. डोक्यावर पांढऱ्या जाळीच्या टोप्या. एकीची टोपी पाखराच्या पंखांसारखी, एकीची बशीसारखी, तिसरीच्या मागे दोन फिती सोडलेल्या, आणि चौथीची सरळ उभी, हातभर उंच. तिला आम्ही पोरी ‘धुराडेवाली’ म्हणायचो. प्रत्येकीखाली शिसपेन्सिलीने आखलेल्या दोन रेघा आणि त्यांच्यामध्ये तिकडच्या भाषेत गावाचं नाव.

सर सांगायचे, फ्रान्सच्या पश्चिमेला समुद्राकाठी ब्रिटनी नावाचा प्रांत आहे, तिथल्या या बाया. टोपी पाहून गाव ओळखायचं. नवरा आहे की मेला तेही कपड्यावरून कळायचं. कधीकाळी तिकडची एक बाई वर्ध्याला सूत कातायला शिकायला आली होती, जाताना तिचं चित्रांचं फोल्डर इथेच राहिलं, आणि फिरत फिरत ते रद्दीवाल्याकडे पोचलं. सरांनी तिथून हे एक चित्र उचललं. बाकीची कुठे गेली, देव जाणे. चित्रकाराची सही खालच्या कोपऱ्यात होती, दोन अक्षरं आणि एक शेपूट. सरांना ती आजवर वाचता आली नाही.

एलिमेंटरीच्या परीक्षेआधी सर ते चित्र आमच्याकडून उतरवून घ्यायचे. मी आठवीत धुराडेवाली काढली. जाळीसाठी मी पांढऱ्या रंगाची ट्यूब उघडली तेव्हा सरांनी हातावर फूटपट्टी मारली. म्हणाले, “पांढरा लावायचा नसते. कागद राखायचा असते. थ्या माणसानं एक थेंब पांढरा वापरला नाई.” मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच होतं. सगळी जाळी म्हणजे न रंगवलेला कागद होता. भोवतीचं काळं एवढं नेमकं लावलं होतं की मधलं कोरं आपोआप जाळी झालं होतं.

हे सगळं मी विसरून गेले होते. अकरावीत असताना वस्तीतल्या संघटनेत आले, बारावीनंतर पत्रकं लिहू लागले, आणि चित्रकला वगैरे मला खात्यापित्या घरच्यांची हौस वाटायला लागली.

मग आमच्या गावात सांस्कृतिक सभागृह बांधून झालं. बसस्टँडच्या समोरच. त्याच्या दर्शनी भिंतीवर ‘आपले पारंपरिक पोशाख’ लावायचे ठरले आणि ते काम निवृत्त झालेल्या आमच्या सरांना मिळालं. सरांचा कच्चा आराखडा सभागृहाच्या समितीने फलकावर लावला. मी पाहिला आणि हसायला आलं. सरांनी तीच ओळ घेतली होती. चार बाया, खाली दोन रेघा. फक्त ब्रिटनीच्या जागी एक पाटलीण, एक सावकाराघरची, एक विणकराची, एक गोंडाची. ओळ तीच, उभं राहणं तेच. गोंडाची बाई धुराडेवालीच्या जागी उभी होती आणि तिच्या डोक्यावर टोपीएवढ्याच उंचीची लाकडाची मोळी होती.

हसू ओसरलं आणि डोकं फिरलं. आमच्या वस्तीतलं त्यात कोणीच नव्हतं. अर्ध्या तालुक्याची शेतं ज्यांनी निंदली, ज्यांच्या बायांनी कापूस वेचला, त्यांच्या अंगावर काय होतं हे भिंतीला माहीतच नाही. रात्रीत ते कपड्यांवरचं पत्रक लिहिलं. ‘भिंत सरकारी, पैसा सगळ्यांचा, मग बाया चारच घरच्या का?’ असं त्यात होतं. ते वाक्य अजूनही मला चुकीचं वाटत नाही.

समितीने बोलावलं. अध्यक्ष म्हणजे गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक, गोड बोलणारे. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

“ताई, तुमचं बरोबर आहे. आमच्या ध्यानात नाही आलं. पाचवी आकृती घेऊ. मॉडेल मात्र तुमच्याकडून द्या. नाही तर उद्या म्हणाल, चेहरा आमच्यासारखा नाही.”

मी होकार दिला आणि बाहेर येऊन संघटनेच्या पोरांसोबत तर्री-पोहे खाल्ले. घरी येऊन आईला सांगितलं की मॉडेल शोधायची आहे. आई अंगणवाडी सेविका आहे. ती पोषण आहाराच्या नोंदी मोबाईलवर भरत होती, मान वर न करता म्हणाली, “मी राहू का उभी?”

मला गंमत वाटली. “तुले जमते का तासभर हलल्याबिगर?”

“पंचवीस लेकरं हलू न देता बसवतो मी. माह्या एकटीचं काय घेऊन बसली?”

मी दुसऱ्या दिवशी आईचं नाव समितीला देऊन आले. माझ्या डोळ्यासमोर पांढरी साडी होती. आमच्या बाया विहारात नेसतात ती. पांढऱ्या साडीतली माझी आई, पाटलिणीच्या शेजारी, तिच्याच उंचीची. मी मनातल्या मनात चित्र काढूनही टाकलं होतं, कागद राखून.

चार दिवसांनी समितीचं पत्र आलं. पाचवी आकृती ‘धर्मांतरापूर्वीच्या पारंपरिक पोशाखात’ असावी. खाली तपशील होता, कुठल्या तरी जुन्या सरकारी पुस्तकातून उतरवलेला. जाडंभरडं लुगडं, पोटऱ्या उघड्या राहतील असं वर खोचलेलं. हातात कथलाचे गोट. गळ्यात काळी पोत. कमरेवर टोपली.

मी पत्र घेऊन अध्यक्षांकडे गेले.

“ही नेसण आमच्या बायांनी सोडली,” मी म्हटलं. “लादलेली होती, म्हणून सोडली. तुम्ही ती परत नेसवून राहिले.”

“परत कोण नेसवतं, ताई? इतिहास आहे.”

“पांढरी साडी इतिहास नाही का? तीन पिढ्या झाल्या.”

“ती आजची झाली. आपला विषय पारंपरिक.”

मी तयारी करून गेले होते. रात्री मोबाईलवर ब्रिटनीबद्दल वाचलं होतं. “साहेब, हा आराखडा ज्या फ्रान्सच्या चित्रावरून घेतला, त्यातली उंच टोपी आहे ना, ती पहिले एवढी उंच नव्हती. मागच्या शतकात वाढत वाढत गेली. तरी तिला सगळं जग पारंपरिक म्हणते. मग आमच्या साडीनं काय घोडं मारलं?”

अध्यक्षांनी थोडा विचार केला. “ते फ्रान्स आहे,” म्हणाले.

नंतर त्यांनी ड्रॉवरमधून माझंच पत्रक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. ‘आमच्या आज्या-पणज्या काय नेसत होत्या, याची नोंद का नाही?’ या ओळीखाली त्यांनी लाल पेनाने रेघ मारली होती. आज्या-पणज्या. मीच लिहिलं होतं. छापील होतं, हजार प्रती वाटल्या होत्या.

मागणी परत घ्यावी तर पाचवी बाई भिंतीवरून जाते आणि चारच घरच्या राहतात. घेऊ नये तर आईला ते नेसावं लागतं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाच्या विरोधात घोषणा द्यावी ते समजेना.

घरी आईला सांगितलं, “तू नाही म्हण. तुझं कारण पुरेल.”

“काऊन नाई म्हणू?”

“आजीनं ते गोट मोडीत दिलते ना? तूच सांगत होती.”

“देल्ले. अन् घरी येऊन हात धुतले राखेनं, मले सांगे थे. थे तिनं सोडलं. मी काई थे नेसून बजारात नाई चालली. चित्र हाय थे.”

“भिंतीवर राहीन ना पण. सगळे पाहतीन.”

आईने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात तिचे सगळे फोटो होते. आधारचा, रेशनचा, बँकेचा, अंगणवाडीच्या ओळखपत्राचा, बाबा गेल्यावर पेन्शनसाठी काढलेला. सगळे पासपोर्टच्या मापाचे, सगळ्यांत कान दिसतात, सगळ्यांत ती घाबरलेली दिसते. तिने ते पलंगावर पत्त्यांसारखे मांडले.

“यातला एक दाखव,” ती म्हणाली, “जो कोण्या कागदाले चिकटवासाठी नाई काढला.”

लग्नातला होता एक, पण त्यात मुंडावळ्यांमुळे तोंड दिसत नव्हतं. ती फोटो परत भरताना म्हणाली, “सर हातानं काढते. तासभर पाहते माणसाकडे. मले इतकं कोणी पाह्यलं नाई.”

तिला काय पाहिजे होतं ते मला त्या दुपारी पूर्ण समजलं होतं. समजलं नव्हतं असं मी नंतर म्हणू शकत नाही.

सर वर्ध्याला लागून पिपरी मेघेला राहतात, निवृत्तीनंतर बांधलेल्या घरात. वरच्या खोलीत त्यांनी प्लायचे पाच मोठे बोर्ड उभे करून ठेवले होते. आई दुपारी अंगणवाडी बंद करून बसने जायची. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या काकीकडून आईने लुगडं मागून आणलं होतं आणि तिच्याकडूनच नेसण शिकली होती. शेजारच्या खोलीतून ती लुगडं खोचून बाहेर आली तेव्हा मला तिच्याकडे पाहवेना.

“वारा लागते ना पोटऱ्याले,” ती म्हणाली. “माही आई कशी फिरत होती थंडीत, काय माहीत.”

सर म्हणाले, “ताई, तुमी फक्त उभ्या राहा. टोपली नंतर देतो.”

“टोपलीत काय हाय सर?”

“काई नाई. रिकामीच.”

“मंग कायले धरू? भरून तरी द्या काही. रिकामी टोपली घेऊन कोणी उभं राह्यते का?”

सरांनी हसत स्वयंपाकघरातून कांदे आणून टाकले. मग ते आईकडे बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पेन्सिल न उचलता. मला अस्वस्थ वाटायला लागलं. आई मात्र हलली नाही. नंतर सरांनी सुरुवात केली ती चेहऱ्यापासून. कपाळाची रेघ, डाव्या भुवईतली खूण, खालचा ओठ जरा पुढे. संध्याकाळपर्यंत चेहराच चालू होता, लुगड्याची एक चूणही काढली नाही. निघताना आईने बोर्डासमोर उभं राहून स्वतःला बघितलं. पदर सारखा केला आणि जिना उतरली. बसमध्ये मात्र वर्ध्यापासून देवळीपर्यंत बडबड करत होती. सेलूची बहीण, अंगणवाडीतला एक वांड पोट्टा, तुरीच्या शेंगा, काहीही.

ती आणखी चार वेळा गेली. मी पुन्हा तिच्यासोबत गेले नाही.

दरम्यान बातमी फुटली. संघटनेतले एक ज्येष्ठ दादा, ज्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं, त्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्त लागला.

“ऐकून राह्यलो ते खरं का? आपल्या बायांनी जे फेकलं ते तुझी आई नेसून राहिली?”

“समितीची अट आहे दादा.”

“अट मानली कोणी?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बैठक बसली होती. विरोधाचं पत्रक काढायचं ठरलं. लिहिणारं आपल्याकडे एकच माणूस आहे. पंधरवड्यात दे.”

माझ्या पहिल्या पत्रकाच्या विरोधात दुसरं पत्रक, तेही मीच लिहायचं, आणि ज्या चित्राचा धिक्कार करायचा त्यात माझी आई. मी लिहायला बसले. ‘हा अपमान’ एवढं लिहिलं आणि थांबले. आई बाजूला बसून लुगड्याच्या काठाला लागलेला पेन्सिलीचा डाग साबणाने घासत होती. काकीला परत द्यायचं होतं. तिने विचारलं, “काय लिहून राह्यली?” मी कागद उलटा केला.

दोन-तीन दिवस मी घरात नीट जेवले नाही. आईला वाटलं संघटनेत भांडण झालं. तिने मला दह्यात कालवून भात दिला आणि म्हणाली, “पुढाऱ्याइतकं मनावर नोको घेऊ. आपुन कार्यकर्ते.”

शेवटी मी एकटीच सरांकडे गेले, सकाळी, आई कामावर असताना. पाचवा बोर्ड भिंतीला टेकवून उभा होता. चेहरा पूर्ण झाला होता. मी आतापर्यंत आईला तशी पाहिली नव्हती. ओठ मिटलेले पण आता बोलेल असे, आणि नजर थेट, समोरच्याला जोखणारी. खाली मात्र ते लुगडं, ते गोट, त्या उघड्या पोटऱ्या.

“सर, साडी बदलता येईन का?”

“आराखड्यावर शिक्के हायेत. बदलला तं बोर्डच घेणार नाई. मंग चारच लागतीन.”

“मग काहीच नाही होऊ शकत?”

सर थोडा वेळ ब्रश धूत राहिले. मग त्यांनी भिंतीवरून ती जुनी चौकट काढली. शाळा सोडताना ते चित्र घरी घेऊन आले होते. टेबलावर ठेवून त्यांनी त्यावर ट्रेसिंग पेपर टाकला, धुराडेवालीचा चेहरा बारीक पेन्सिलीने उतरवला, आणि कागद सरकवून शेजारच्या बाईवर ठेवला. डोळ्यावर डोळा बसला. नाकावर नाक. मग दुसरी. मग पहिली. चौघींचा चेहरा एकच होता.

“नोकरी लागली तवापासून पाहून राह्यलो हे चित्र,” सर म्हणाले, “रिटायर झाल्यावर ध्यानात आलं. थ्या माणसानं दोरा न् दोरा पाहून काढला. जाळीतलं छिद्र मोजून घ्या. पण चेहरा पाठ होता त्याले. एकच. चारही गावात तोच लावला. पोस्टकार्डावर छापाचं असन, कोण पाहते चेहरा.”

मी त्या चार बायांकडे बघत राहिले. आठवीपासून माझ्या ओळखीच्या होत्या त्या. त्यांनी ते कपडे पेटीतून काढून घातले असतील, उभ्या राहिल्या असतील पाय दुखेपर्यंत, आणि त्या माणसाने त्यांची बटणं नेली. संताप आला. मेलेल्या माणसाचा येतो तसा, कुठेच न पोचणारा.

“मले हे जमत नाई,” सर म्हणाले. “मी चेहऱ्यापासून सुरू करतो. पण तू म्हणशीन तं करतो. पाचवीलेही पाठचा चेहरा देतो. कोणाचाच नाई असा. कपडे राहतीन, तुही आई निघून जाईन त्यातून.”

दुसरं काही आहे का, असंही मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकदम सगळं मोकळं झालं. दादांना सांगता येईल, ती माझी आई नाही. पत्रक लिहावं लागणार नाही. पाचवी बाई भिंतीवर राहील. सगळ्या बाजूंनी बंद झालेल्या खोलीत मला एक फट दिसली आणि त्या फटीतून मी एकटी निघाले.

“करा सर.”

“आईले विचारलं?”

“हो,” मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “नाई म्हणते थ्या?”

“नको म्हणते. लोक बोलतात म्हणून.”

सरांनी मान डोलावली. वाईट वाटलेलं दिसत होतं. म्हणाले, “बरोबर हाय त्यायचं. त्यायचा चेहरा हाय.” आणि ताटलीत रंग कालवायला घेतला. मी थांबले नाही. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं, तेही लिहिलं पाहिजे.

दादांना फोन करून सांगितलं की त्या चित्रात आई नाही. ते म्हणाले, “आपल्यातलं कोणी नाही ना त्यात? मग जाऊ दे. भिंतीवर काय, काहीही काढतात.” म्हणजे पोशाखाचा अपमान वगैरे जे होतं ते एका चेहऱ्यावर टेकलेलं होतं. चेहरा गेला, अपमान गेला. मला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं की दादा, लुगडं तर तेच आहे. पण विचारलं असतं तर पत्रक परत माझ्या गळ्यात आलं असतं.

उद्घाटनाला तीन आठवडे होते. ते तीन आठवडे मी आईसोबत एका घरात काढले. ती रोज काहीतरी बोलायची. मदतनीस बाईला सांगितलं होतं, बहिणीला बोलावलं होतं, पर्यवेक्षिकेला सुद्धा. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, “भुवईतली खूण सरानं दाखवली, नाई? म्या म्हटलं होतं लपवा, तं म्हणे राहू द्या.” मी म्हटलं, “हो.” दुसऱ्यांदा ती म्हणाली, “वारनिश केलं असन आता.” मी म्हटलं, “असन.” प्रत्येक वेळी सांगायचं ठरवत होते. सकाळी ठरवायचं, ती डबा भरून निघून जायची. संध्याकाळी ठरवायचं, ती खुशीत असायची. चळवळीत मी अधिकाऱ्यांच्या तोंडावर बोललेली आहे. तहसीलदाराला खुर्चीतून उठवलेलं आहे. घरात एक वाक्य निघत नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी आईने मोरपंखी साडी नेसली. मदतनीस, बहीण, काकी, सगळ्या मिळून आल्या. भाषणं झाली. अध्यक्षांनी ‘सर्वसमावेशक’ हा शब्द वापरला आणि माझ्याकडे बघून हसले. पडदा सरकला. पाचही बोर्ड एका ओळीत लागले होते, बसस्टँडकडे तोंड करून.

पाचवीचं लुगडं फार सुंदर काढलं होतं. एकेक चूण. कथलावरची मंद चकाकी. टोपलीतले कांदेसुद्धा होते. वर गोल, गुळगुळीत, कोणाचाच नसलेला चेहरा होता, पाटलिणीच्या ओळीत उभा राहून पाटलिणीसारखाच हसणारा.

काकी म्हणाली, “हे तू हायेस काय वं? लुगडं तं माहं हाय.”

आई पुढे गेली. अगदी जवळ. मग मागे आली, पुन्हा जवळ गेली. सर बाजूलाच उभे होते. तिने त्यांना विचारलं, साधं, वर्गात शिक्षकाला विचारावं तसं, “सर, चांगला नाई जमला का माहा चेहरा?”

सर गोंधळले. “तसं नाई ताई. तुमीच नको म्हटलं ना.”

“मी?”

“पोरगी सांगून गेली. लोकं बोलतात म्हणून.”

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. तिच्या बहिणीने विचारलं, “काय झालं?” आई म्हणाली, “काई नाई. चाल, चहा देऊन राह्यले.”

त्यानंतर बरेच दिवस घरात बोलणं झालं ते गॅस संपला, पाणी आलं, एवढंच. शिवी दिली असती तर मी परत काहीतरी म्हटलं असतं. बसस्टँडवर रोज उभं राहावं लागायचं आणि समोर ती भिंत. नागपूरची बस उशिरा आली की अर्धा अर्धा तास. मी सरांकडे जाऊन विचारलंही, चेहरा परत बसवता येईल का. सर म्हणाले, वारनिश चढलं, बोर्ड समितीच्या ताब्यात, आणि मुख्य म्हणजे तो चेहरा आता हातात नाही. “पुन्हा उभं राहा लागन त्यायले. विचारून पाह्य. या खेपेस खरं विचारजो.” मी विचारलं. आई म्हणाली, “नाई.”

मग एका रविवारी सकाळी ती अंगणात तूर निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसले आणि खडे काढायला लागले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “तू इतक्या लोकायसाठी कागद छापते.”

“हो.”

“त्यायले विचारून छापते का?”

मी आठवायला लागले. निंदणाऱ्या बाया. वेचणी करणाऱ्या. आज्या-पणज्या. “नाही,” मी म्हटलं.

“एक माह्यासाठी छाप.”

“काय लिहू?”

“जे झालं थे. तू काय केलं, कोणाले काय सांगतलं. मथळा-बिथळा नोको करू. लोकं हासले नाई पाह्यजे.”

मी लिहिलं. पत्रकात मावेना म्हणून असं लांब झालं. तिला वाचून दाखवलं तेव्हा ती चष्मा लावून ऐकत होती. कांद्यांच्या ठिकाणी तिने थांबवलं, म्हणाली तीनच होते, ऐकून टोपली भरल्यासारखी वाटते. पेन्शनच्या फोटोचं काढू नको म्हणाली. बाकी तसंच राहिलं.

वाचून झाल्यावर मी विचारलं, “तुझं नाव टाकू का यात?”

तिने तुरीचं सूप उचललं, एकदा पाखडलं. म्हणाली, “सांगतो. विचार करू दे.”

तिने अजून सांगितलेलं नाही. मी पुन्हा विचारलेलं नाही.